खर्ज नसलेली गिटार

गास्पार सान्स हे नाव आज आपल्या कानांवर पडते ते बहुधा होआकीन रोद्रिगोमुळे. सान्सच्या रचनांवर बेतलेली ‘फान्तासिया पारा उन खेन्तिलोम्ब्रे’ त्याने १९५४ मध्ये आन्द्रेस सेगोव्हियासाठी लिहिली आणि १९५८ मध्ये सेगोव्हियाने ती सॅन फ्रान्सिस्को येथे प्रथम वाजवली. त्या वाद्यवृंदाच्या वैभवात सान्सच्या स्वतःच्या हातातली गिटार कशी बोलत असेल, हा प्रश्न सहसा उद्भवत नाही.

सतराव्या शतकातील गिटारीला सहा सुट्या तारा नसत. आतड्याच्या तारांच्या पाच जोड्या असत. (पहिली पुष्कळदा एकेरीच.) पडदेही आतड्याचे, दांडीला बांधलेले. वाद होता तो चौथ्या व पाचव्या जोडीविषयी: तिथे खर्जाची जाड तार घालावी की नाही? १६७४ मध्ये सारागोसा येथून निघालेल्या आपल्या ग्रंथात सान्स सांगतो की स्पेनमध्ये खर्जाच्या तारा वापरतात, रोममध्ये मात्र दोन्ही जोड्यांना बारीक ताराच लावतात. सगळ्या तारा एकदम झंकारून साथ करायची असेल तर खर्ज बरा. एकेक स्वर नाजूकपणे छेडायचा असेल तर रोमची रीत चांगली, असा त्याचा निर्वाळा आहे. रोमच्या रीतीने जुळवलेल्या वाद्यात सर्वांत खालचा स्वर मधल्या, म्हणजे तिसऱ्या जोडीचा. आणि पाचवी, जी आपण खालची समजतो, ती त्याहून एक स्वर वर.

ह्या उलटसुलट मांडणीचे सौंदर्य असे की एका सरळ सुरावटीतले लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या जोड्यांवर घेता येतात. आधीचा विरण्यापूर्वी पुढचा त्यात मिसळतो. सान्स ह्याला ‘काम्पानेलास’, लहान घंटा, म्हणतो.

आता अडचण लिपीची. सान्सने लिहिले ते टॅब्लेचरमध्ये, आणि टॅब्लेचर स्वर सांगत नाही. कोणत्या तारेवर, कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे एवढेच सांगते. मोडी कागद वाचणाऱ्यांना अशी अडचण परिचित असेल: इकार-उकार ऱ्हस्व की दीर्घ, हे लिपी सांगत नाही, वाचणाऱ्याने भाषेच्या जाणिवेतून ठरवायचे. सान्सचे आकडे आजच्या गिटारवर जसेच्या तसे वाजवले तर सुरावटीतले मधलेच काही स्वर सप्तकभर खाली कोसळतात. ते उचलून शेजारच्या तारेवर घेतले तर सुरावट वाचते, पण घंटा थांबतात. शिवाय नायलॉनच्या तारा आणि मोठ्या पेटीचा भरदार खर्ज हाताशी असताना, मुळात नसलेला खालचा स्वर जोडण्याचा मोह संपादकांना आवरत नाही. मोहाबद्दल माझी तक्रार नाही. वाचकाला न सांगता तो छापला जातो, ह्याबद्दल आहे.

तथापि जुन्या वाद्याची प्रतिकृती घेतली म्हणजे सुटलो, असेही नाही. तिच्यावर खर्जाच्या तारा चढवल्या तर तिथेही ती नाजूक वीण गढूळ होते. उलट आजच्याच गिटारीच्या चौथ्या-पाचव्या जागी बारीक तारा लावून घंटांचा बराचसा नाद परत मिळवता येतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात स्त्रादिवारीने १६८८ मध्ये घडवलेली गिटार आहे. लाकूड टिकले, आतड्याच्या तारा इतकी शतके टिकत नाहीत. सान्सच्या तारा कशा होत्या हे कळते ते त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच्या गद्यातून, जे ओलांडून वादक थेट ‘कानारिओस’चे पान उघडतात.