मलेरिया: औषध फुकट, तरी शेतकरी कुटुंबाला महाग का पडतो?

मलेरियाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. गोळ्याही मोफत मिळतात. अनेक गावांत आशा कार्यकर्ती घरी येऊन बोटातून रक्त घेते आणि काही मिनिटांत निदान सांगते. तरीही हा ताप शेतकऱ्याच्या घरात शिरला की वर्षाचा हिशोब बिघडतो. खरा खर्च गोळ्यांचा नसून बुडालेल्या दिवसांचा असतो, आणि ते दिवस नेमके हंगामातले असतात.

ताप आणि हंगाम एकाच वेळी का येतात?

सरकारी कागदोपत्री ज्याला 'हिवताप' म्हणतात, तो आजार अ‍ॅनॉफिलीस डासाची मादी पसरवते. ती साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दूषित डास चावल्यानंतर ताप यायलाही बहुतेकदा दहा ते पंधरा दिवस जातात. त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की जुलै-ऑगस्टपासून रुग्ण वाढू लागतात.

शेतीचं कॅलेंडरही हेच आहे. भाताची लावण, सोयाबीनची भांगलण, उसाची आडसाली लागण ही सगळी कामं याच आठवड्यांत येतात.

ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा मुख्य डास म्हणजे अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस. कालव्याचं झिरपलेलं पाणी, ओढ्या-नदीच्या पात्रातली डबकी आणि भातखाचरं या त्याच्या जागा. दिवसा तो गोठ्यात विसावा घेतो. म्हणजे शेतीला लागणारं पाणी आणि जनावरं, दोन्ही त्याच्या सोयीची.

गडचिरोलीत याचा फटका कसा बसतो?

महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या तालुक्यांत जंगल, ओढे आणि धानाच्या बांध्या एकमेकांना लागून आहेत. इथे फॅल्सिपेरम हा घातक प्रकारही आढळतो. उपचाराला उशीर झाला तर तो मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि दवाखाना आणखी लांब जातो. 1973 मध्ये याच तालुक्यात हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना तिथे सुरुवातीपासून ज्या आजारांशी झुंजावं लागलं, त्यांत मलेरिया होता.

धानाची रोवणी थांबत नाही. रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते लावावं लागतं. उशीर झाला तर फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटतं. रोवणीचं बहुतेक काम बायका करतात. घरातल्या बाईला ताप आला किंवा तिचं मूल तापानं फणफणलं, तरी हात कमी होतात ते बांधीतलेच.

पैसे नेमके कुठे जातात?

- मजुरी: समजा एक जण सात दिवस आजारी पडला आणि दुसरा तीन दिवस त्याच्या उशाशी बसला. दहा दिवस बुडाले. रोज 400 रुपये धरले तरी 4,000 रुपये गेले.
- बदली माणूस: हंगामात मजूर सहज मिळत नाही, मिळाला तर जास्त दराने. कोल्हापूरकडे पैऱ्याने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने काम करण्याची पद्धत आहे. आजारी घराला पैरा फेडता येत नाही.
- खासगी दवाखाना: 'आधी ताप उतरू दे' म्हणून सलाईन लावलं जातं आणि रक्ततपासणी मागे पडते.
- पीक: पहिल्या महिना-दीड महिन्यात तण राहिलं तर सोयाबीनचं जे नुकसान होतं, ते नंतर भरून निघत नाही.
- अशक्तपणा: ताप गेल्यावरही रक्त कमी झालेलं असतं. गरोदर बाईला मलेरिया झाला तर बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो.

आफ्रिकेतल्या कोट दिव्हारमध्ये भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास झाला होता. मलेरियाने आजारी पडलेल्यांचं उत्पादन आणि उत्पन्न निरोगी शेतकऱ्यांच्या साधारण निम्म्यावर आलं होतं.

कागल एमआयडीसीच्या परिसराशी याचा काय संबंध?

कोल्हापूर जिल्ह्यात मलेरिया गडचिरोलीच्या तुलनेत फारच कमी आहे. इथे डेंग्यू आणि चिकुनगुन्याची चर्चा जास्त असते. पण कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या हद्दीवरची पंचतारांकित एमआयडीसी बागायती शेतीच्या मधोमध आहे. अनेक घरांत एक जण पाळीला कारखान्यात जातो आणि बाकीचे रान बघतात. मलेरिया जास्त असलेल्या भागांतून कुणी कामाला आलं, तर त्याच्या रक्तातून जंतूही येऊ शकतो. बांधकामावरच्या उघड्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी हा डास तो पुढे नेतो. यात दोष कामगाराचा नाही. त्याचं रक्त वेळेत तपासलं तर साखळी तिथेच तुटते.

अशा घरात एकाच तापाची किंमत दोन प्रकारे मोजली जाते. कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू असलेल्या कारखान्यातल्या विमाधारक कामगाराचा पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि त्याच्या वर्गणीचे ठरलेले दिवस भरलेले असतील, तर आजारपणात पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. वर्षाला कमाल 91 दिवसांसाठी ही सोय आहे. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो. त्याच घरात रानात राबणाऱ्या भावाला किंवा बायकोला असा एकही दिवस भरून मिळत नाही.

अर्धवट औषध का महागात पडतं?

व्हायवॅक्स प्रकारचा जंतू यकृतात लपून राहतो. क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप उतरतो, पण लपलेला जंतू मारायला प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स लागतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत येतो. लावणीला गेलेला ताप मग सुगीला उभा राहतो.

मलेरिया पूर्वी गेला होता, मग परत कसा आला?

1947 च्या सुमारास भारतात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि सुमारे आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज आहे. 1953 मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, डीडीटीची फवारणी झाली आणि 1961 पर्यंत रुग्ण सुमारे 50 हजारांवर आले. पुढे लक्ष ढिलं पडलं, डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली. रुग्ण कमी असलेल्या भागानेही तपासणी चालू का ठेवायची, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

शेतकरी कुटुंबाने काय लक्षात ठेवावं?

- थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावं. आशा कार्यकर्ती, उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते.
- कोर्स पूर्ण करावा. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला देत नाहीत, म्हणून एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत.
- गोठ्याजवळची डबकी बुजवावीत, टाक्या झाकाव्यात, वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडावेत.
- अ‍ॅनॉफिलीस रात्री चावतो. रानात वस्तीला किंवा पाणी पाजायला जाणाऱ्याने मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत.
- कारखान्यात काम करणाऱ्याने ताप आल्यावर ईएसआयचा दाखला वेळेत घ्यावा.

2027 पर्यंत देशातला स्थानिक संसर्ग शून्यावर आणायचा आणि 2030 पर्यंत मलेरिया हद्दपार करायचा, असं भारताचं उद्दिष्ट आहे. शेतकरी घरासाठी त्याचा हिशोब साधा आहे. पहिल्याच दिवशी झालेली तपासणी म्हणजे रानातले वाचलेले आठ-दहा दिवस.