वसईतले धर्मग्राम आणि फादरांची बदली
1739 मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि युरोपीय पाद्री निघून गेले. धर्मग्राम (पॅरिश) मात्र गोव्याकडच्या धर्मगुरूंच्या आधाराने टिकले. चर्चचे आवार हेच गावाचे चावडीसारखे ठिकाण राहिले; बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक, सगळ्यांची नोंद तिथल्याच वह्यांत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली आणि फादर घरच्या माणसासारखे वाटू लागले. पण 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेने प्रमुख धर्मगुरूची नेमणूक ठरावीक मुदतीपुरती करण्याची वाट मोकळी केली. मुदत संपली की बदली, लोकांची कितीही माया असो. शेवटच्या मिस्सेनंतर आवारात शाल, श्रीफळ, भाषणे. त्यांतली काही लांबतातच. वसई वेगळा धर्मप्रांत झाल्यापासून, म्हणजे 1998 पासून, या बदल्या वसईचे बिशप करतात.