पाथरीचं मूळ कोण सांगणार?

आपण आज परभणी जिल्ह्यातल्या पाथरीबद्दल बोलतो आहोत. या गावावरून दोनदा मोठा वाद झाला, आणि दोन्ही वेळा प्रश्न मुळाचाच होता.

पहिला वाद सोळाव्या शतकातला. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते, असं फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. तेव्हा पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. बुरहान निजामशहानं निरोप धाडला : पाथरी आम्हाला द्या, बदल्यात दुसरा परगणा घ्या. इमादशहानं नकार दिला. मग 1518 च्या सुमारास बुरहाननं स्वारी करून पाथरी घेतली. पुढे मोगलांच्या काळात पाथरी वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार, म्हणजे मोठा महसुली विभाग होती.

दुसरा वाद आपल्या डोळ्यांसमोरचा. साईबाबांचा जन्म पाथरीत झाला अशी एक श्रद्धा आहे. तिथे साईमंदिरही उभं आहे. जानेवारी 2020 मध्ये राज्य सरकारनं पाथरीच्या विकासासाठी 100 कोटी रुपयांची घोषणा केली, त्यात ‘जन्मस्थान’ हा शब्द आला आणि 19 जानेवारीला शिर्डी बंद झाली. बाबांनी आपलं गाव, जात, धर्म कधी सांगितला नाही, असं शिर्डीकरांचं म्हणणं होतं.

यात भावना खरी होती, पण पोटाचा प्रश्नही होता. शिर्डीचं एक साधं खेडं होतं. 1918 मध्ये बाबांनी देह ठेवला. आज तिथे विमानतळ आहे, रेल्वे स्टेशन आहे, लॉज, हार-प्रसादाची दुकानं आहेत. सगळा गाव एका नावावर जगतो. त्या नावात वाटेकरी आला की गाव हादरणारच.

पाथरीनं यातून काय घ्यायचं? यात्रेकरू यावेत, रस्ते व्हावेत, पोरांना गावातच काम मिळावं, यात वाईट काहीच नाही. पण यात्रेकरूला वेळ थोडा असतो. त्याला गावाची एकच गोष्ट पुरते. तीच पाटीवर लागते, तीच रिक्षावाला सांगतो, आणि दोन पिढ्यांत गावालाही तेवढीच आठवते. ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या वंशातला सुलतान आपल्या मूळ गावासाठी लढाई करतो, ही दख्खनची केवढी मोठी गोष्ट! ती पाथरीच्या शाळेत सांगितली गेली पाहिजे. गाव पाहायला बाहेरचे येतीलच. पण गाव कोणतं, हे आधी गावानं सांगायला हवं.