कुवेतचे मोती, मुंबईचा बाजार
कुवेतच्या मोत्यांना भाव मिळे तो निर्दोष चमकेचा.

उन्हाळ्यात गलबते निघत. नाकाला चिमटा, पायाला दगड. पाणबुड्या तळ गाठून शिंपले गोळा करी, वरचा सोबती दोराने त्याला ओढून घेई. आगाऊ उचलीपायी पाणबुड्या बहुधा नाखवाच्या कर्जात बुडालेलाच. व्यापारी मोती चाळण्यांतून प्रतवार लावून मुंबईला धाडत. हिंदुस्थानशी व्यवहार एवढा दाट, की कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपया चालला!

जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी १९३० च्या दशकात हा धंदा बुडवला. १९३८ साली कुवेतमधल्या बुरगानला तेल लागले. १९४६ मध्ये त्याची निर्यात सुरू झाली.