नॉर्थ बे : भिंतींच्या आधीचा तुरुंग

अंदमान हा शब्द मराठी वाचकाच्या मनात एका इमारतीचे रूप घेऊन येतो. 'माझी जन्मठेप' (१९२७) या ग्रंथाने ही प्रतिमा इतकी पक्की केली आहे की सेल्युलर जेलच्या बाहेरचे अंदमान आपल्या वाङ्मयीन स्मृतीत जवळजवळ नाहीच. वास्तविक या तुरुंगाचे बांधकाम १८९६ मध्ये सुरू होऊन १९०६ मध्ये संपले. डॉ. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन बंदरात आला तो मात्र १० मार्च १८५८ रोजी. मधली चार दशके हजारो कैद्यांना अडवून ठेवले कोणी? मुख्यतः समुद्राने.

हा प्रश्न मनात ठेवून नॉर्थ बे पाहावा. पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून श्रीविजयपुरम) समोर, खाडीपलीकडे असलेला हा किनारा आज स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध आहे. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथे पडून खाली पाहायचे. प्रवाळाची रांग किनाऱ्याला इतकी लगटून आहे की पोहता न येणाऱ्यालाही, वाटाड्याच्या हाताला धरून, पोपटमाशांचे थवे दिसतात. २०१० च्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले; तेव्हा दिसते ते सारे अक्षत आहे असे समजू नये. सहलीच्या एकाच तिकिटात पलीकडचे रॉस बेटही (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) येते. प्रवासी एका ठिकाणी इतिहास पाहतो, दुसऱ्या ठिकाणी मासे. ही वाटणी मला मान्य नाही.

कारण हेच पाणी तेव्हा भिंत होते. ती ओलांडणारेही होते. दूधनाथ तिवारी हा १८५७ च्या उठावातील शिपाई १८५८ मध्येच पळाला, वर्षभर अंदमानी आदिवासींत राहिला, तिथे त्याने लग्नही केले; आणि मे १८५९ मध्ये परत येऊन त्याने त्यांच्या नियोजित हल्ल्याची खबर इंग्रजांना दिली. त्याला माफी मिळाली. ज्यांनी आसरा दिला त्यांच्या वाट्याला ॲबरडीनच्या लढाईत बंदुका आल्या. या माणसाला वीर म्हणावे की फितूर, हे ठरवणे मला अवघड जाते. आपल्या अंदमानविषयक लेखनात तो क्वचितच भेटतो, यामागे हेही एक कारण असावे.

या भिंतींआधीच्या अंदमानाला साक्षीदार लेखक लाभलेला आहे. मुहम्मद जाफर थानेसरी १८६६ मध्ये तिथे पोचले आणि १८८३ मध्ये सुटले. त्यांचे उर्दू आत्मकथन 'काला पानी' या नावानेही ओळखले जाते. हा कैदी कचेरीत मुन्शीगिरी करतो, इंग्रजी शिकतो, तिथेच संसार थाटतो आणि परतताना कुटुंब घेऊन येतो. 'माझी जन्मठेप' शिकवताना शेजारी हे पुस्तक ठेवले, तर कोठडीपूर्वीची शिक्षा काय होती आणि कोठडीने तिच्यात काय बदल केला, हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसू लागेल.

या खुल्या तुरुंगाचा अर्थ राज्यकर्त्यांनाही उमगला, तो नॉर्थ बेच्याच बाजूला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवर चढला. निमित्त पाहणीचे होते, पण सूर्यास्त पाहण्याची हौसही होती. (टेकडीचे नाव अधीक्षक टायटलर यांच्या पत्नीचे, १८९१ च्या युद्धानंतर मणिपुरी बंदिवानांना इथे ठेवल्याच्या स्मरणार्थ २०२१ मध्ये ते माउंट मणिपूर झाले.) अंधार पडल्यावर मेयो खाली होप टाउनच्या धक्क्यावर आला, आणि नावेकडे जाताना शेर अली आफ्रिदीने त्याला भोसकले. शेर अली कुठल्याही कोठडीत नव्हता. चांगल्या वर्तणुकीमुळे मोकळेपणी वावरण्याची सवलत मिळालेला तो कैदी होता आणि वस्तीत न्हाव्याचे काम करत असे. ११ मार्चला व्हायपर बेटावर त्याला फाशी दिले गेले.

याच टेकडीवरून दिसणारे दृश्य, दीपगृह आणि नारळीच्या झाडांसह, पुढे वीस रुपयांच्या तांबूस नोटेवर आले. २०१९ च्या नव्या नोटेवर त्याची जागा वेरूळने घेतली. जुनी नोट अजून हाती येते. तिच्यावर समुद्र अगदी शांत आहे.