मूर्तीविना वेदी

जबलपूरच्या तारणपंथी जैनांच्या चैत्यालयात नवखा माणूस शिरला, की त्याची नजर आधी मूर्ती शोधते. वेदी समोरच असते, पण तिच्यावर तीर्थंकर नसतात. तिथे वेष्टनात बांधलेले ग्रंथ विराजमान असतात. मूर्तीच नाही म्हटल्यावर अभिषेकाचा प्रश्नच येत नाही. ग्रंथांपुढे पाठ होतो आणि लोक एकमेकांना ‘जय तारण तरण’ म्हणतात.

या रिवाजाचे मूळ पंधराव्या शतकात सापडते. आजच्या कटनी जिल्ह्यातल्या बिलहरीला, म्हणजे परंपरेतल्या पुष्पावतीला, इ.स. १४४८मध्ये या पंथाचे प्रवर्तक तारणस्वामी यांचा जन्म झाला. सिरोंजजवळच्या सेमरखेडीत त्यांनी साधना केली आणि १५१५मध्ये मल्हारगढला देह ठेवला. त्या ठिकाणाला अनुयायी ‘निसईजी’ म्हणतात.

काळ मोठा गमतीचा होता. जीवराज पापडीवाल या श्रीमंत जैनाने विक्रम संवत १५४८मध्ये, म्हणजे तारणस्वामींच्या हयातीतच, हजारो जिनमूर्तींची प्रतिष्ठा करवली. तो संवत कोरलेल्या मूर्ती आजही उत्तर हिंदुस्थानातल्या कितीतरी मंदिरांत दिसतात. मूर्तींचा असा पूर लोटत असताना बुंदेलखंडातले तारणस्वामी मात्र देव शुद्ध आत्म्यात शोधायला सांगत होते. त्याच शतकात अहमदाबादेत लोंका शहाने आगमांचा आधार घेऊन मूर्तिपूजा नाकारली होती. तो श्वेतांबरांमधला, तारणस्वामी दिगंबरांमधले.

तारणस्वामींच्या नावावर चौदा ग्रंथ आहेत. ‘श्रावकाचार’ गृहस्थाचा आचार सांगतो, तर ‘ममल पाहुड’मध्ये ‘फूलना’ नावाची गाणी आहेत. वेदीवरची जागा याच वाणीला मिळाली. पण तिची भाषा संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश यांची अशी काही सरमिसळ आहे, की पंडितही अडखळावेत. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीत लिहून परक्यांपासून जपल्या. इथे कुलूप भाषेनेच घातले. विसाव्या शतकात ब्रह्मचारी शीतलप्रसादांनी हिंदी टीका लिहिल्या, तेव्हा पंथाबाहेरच्या वाचकांना हे ग्रंथ उलगडू लागले.

पंथ छोटा, पण घरात कोंडून राहणारा नव्हे. जबलपुरात तारणपंथी समाज दरवर्षी सर्वधर्म संमेलन भरवत असे. त्या व्यासपीठावर १९५१पासून १९६८पर्यंत एक वक्ता बोलत राहिला. सुरुवातीला तो कॉलेजात शिकत होता, पुढे जबलपूर विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागला. तारणपंथी घरातच जन्मलेल्या या वक्त्याचे नाव रजनीश.

१९६६मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. १९७०च्या सप्टेंबरात मनालीला त्यांनी नवसंन्यासाची दीक्षा द्यायला सुरुवात केली आणि भगव्या कपड्यांबरोबर शिष्यांच्या गळ्यात १०८ मण्यांची माळ आली. माळेच्या लॉकेटमध्ये खुद्द रजनीशांचा फोटो होता! मूर्ती न मानणाऱ्या घरातल्या मुलाची छबी हजारो लोक छातीवर वागवू लागले. पुढे अमेरिकेत ओरेगॉनला या मंडळींनी ‘रजनीशिझम’ नावाचा धर्म जाहीर केला आणि त्याचे ७८ पानांचे पुस्तकही काढले. ३० सप्टेंबर १९८५ रोजी रजनीशांनी आपण धर्मगुरू असल्याचे नाकारले आणि शिष्यांनी त्या पुस्तकाच्या पाच हजार प्रती जाळून टाकल्या.