बिशप हार्टमन व माहीमचें देऊळ

इ. स. १८४६ मध्यें कापुचिन संघांतील दोघां संन्याशांस बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यांपैकीं इटलीचे मासाया हबसाणांत ओरोमो लोकांमध्यें जाऊन राहिले. त्यांनीं त्या लोकांच्या भाषेचें व्याकरण रचलें व राजांच्या अवकृपेनें वारंवार हद्दपारी भोगली. दुसरे स्वित्झर्लंडचे अनास्तासियस हार्टमन. यांच्या वांट्यास प्रथम पाटणा व नंतर मुंबई आली. मासायांस परक्या राजांशीं झुंजावें लागलें, तर हार्टमन यांस स्वधर्मीयांशीं. यांतील दुसरें युद्ध अधिक कडू, असें आम्हांस वाटतें.

भांडणाचें मूळ जुनें होतें. पूर्वेकडील बिशप नेमण्याचा पोर्तुगालच्या राजाचा जो हक्क, त्यास 'पाद्रोआदो' म्हणत. पुढें पोप हे 'प्रोपागांदा' नांवाच्या रोममधील मंडळामार्फत आपले प्रतिनिधि धाडूं लागले. इंग्रजांनीं १७२० मध्यें पोर्तुगीज पाद्र्यांस मुंबईबाहेर काढलें. परंतु १७९४ मध्यें बेटावरील चार देवळें दोन्ही पक्षांस निम्मीं निम्मीं वांटून दिलीं. साष्टींत मात्र, मानखुर्द-तुर्भ्याकडील गांवें धरून, बहुतांशीं गोव्याच्या आर्चबिशपाचाच अंमल राहिला. श्रद्धा एक, उपासना एक. तंटा होता तो केवळ आज्ञा कोणाची मानावी, याचा.

अशा वेळीं हार्टमन मुंबईचे अधिकारी झाले. १८५३ मध्यें माहीमच्या सेंट मायकेल देवळांतील पुष्कळ मंडळी गोव्याच्या पक्षास मिळाली, तेव्हां ते अनुयायांसह आंत शिरले व दारें लावून बसले. बाहेर विरोधकांचा वेढा पडला. सुमारें पंधरवड्यानें सरकारी अधिकाऱ्यांनीं मध्यें पडून देऊळ विरोधकांच्या स्वाधीन केलें.

धर्मशास्त्र पाहतां हार्टमन यांची बाजू बळकट होती. पोपांचा अधिकार त्यांच्या पाठीशीं होता. परंतु ज्या देवळांत आपल्या आजापणज्यांचे बाप्तिस्मे झाले, तें रोमचें कीं लिस्बनचें हा प्रश्न माहीमकरांस गौण होता. तें आपलें, एवढेंच ते जाणत. ही ममता हार्टमन यांस बंडाळी भासली, आणि येथेंच त्यांच्या धैर्याची मर्यादा दिसते.

तथापि पराभवावरून त्यांची किंमत करणें अन्यायाचें होईल. त्यांनीं १८५० मध्यें सुरू केलेलें 'एक्झामिनर' पत्र शतकानंतरही टिकलें. त्यांच्याच कारकीर्दींत जेझुइट मुंबईस आले व त्यांनीं १८६९ मध्यें सेंट झेवियर्स कॉलेज स्थापिलें. स्वतः हार्टमन पुन्हां पाटण्यास गेले, हिंदुस्थानी भाषेंत नव्या कराराचें भाषांतर केलें आणि १८६६ मध्यें तेथेंच कुर्जी येथें पटकीनें वारले.

मुंबईंतील दुहेरी अंमल १९२८ मध्यें संपला. आज दर बुधवारीं त्याच देवळांत सर्व धर्मांचे लोक नवसासाठीं रांगा लावतात. दारें कोणीं कोणावर लावलीं होतीं, हें त्यांना कोणी विचारीत नाहीं.